बिनहळदीचं घर

मध्यंतरी काही वर्षं आमच्या घरात हळद शिजली नाही. हे वाक्य मी कुठल्याही मराठी बाईसमोर उच्चारलं की ती आधी माझ्याकडे आणि मग माझ्या ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्याकडे संशयानं बघते. पण खरंच नाही शिजली. पोहे पांढरे, बटाट्याची भाजी पांढरी, कढी मुळातच पांढरी म्हणून घरात तिचं राज्य. तुरीची डाळ पिवळी म्हणून बंद झाली. मसुरीची लाल डाळ आणून पाहिली, तर तीही शिजल्यावर दगा देऊन पिवळी पडली, तेव्हा तिलाही रस्ता दाखवण्यात आला आणि अख्ख्या मसुराची काळपट आमटी सुरू झाली. पिठलं हुलग्याचं. दाराला झेंडू नाही, आईच्या अंगावर पिवळं लुगडं नाही, आणि लिंबू हिरवं असेल तरच घरात यायचं. दादांचा डबा उघडला की कारखान्यातले लोक विचारायचे, "काय शंकरराव, सुतक अजून फिटलं नाही का?" दादा म्हणायचे, "आमच्या आक्काला विचारा." आक्काला विचारायची छाती कुणाची नव्हती.

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी आत्या. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली होती आणि आल्या दिवसापासून घर तिच्या हुकमानं चालायचं. आमचं घर म्हणजे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या चाळवजा क्वार्टर्समधल्या दोन खोल्या, मागे मोरी, पुढे बसायला दगडी पायरी. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसं सायकली काढायची. पलीकडे लष्कराच्या लाइनीतून बिगुल ऐकू यायचा, आणि दुपारी बँडचा सराव चालायचा तेव्हा एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून ते लोक आमचं डोकं उठवायचे. त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे अँथनीकाका आमच्या शेजारीच राहायचे. दादांना एक सवय होती. घरातून निघताना ते पायरीवर थांबून सगळे खिसे चाचपायचे, कारण कारखान्यात आगपेटी न्यायची बंदी होती आणि गेटावरचा दरवान एकूण एक माणसाचा खिसा तपासायचा. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते देवळात शिरताना खिसे चाचपायचे.

हळद बंद झाली ती माझ्या भावांमुळे. माझ्यानंतर आईला जो पहिला मुलगा झाला तो मला आठवत नाही, मी फार लहान होते. त्याच्यानंतरचा मात्र स्वच्छ आठवतो. सुईणीनं गुंडाळून पायरीवर आणला तेव्हा चांगला गुलाबी होता, मूठ आवळून रडत होता, आणि मला त्याच्या कानांचं फार कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं त्याला खिडकीपाशी उजेडात धरलं. मी टाचा उंचावून पाहिलं. नखं पिवळी, डोळ्यांचं पांढरं पिवळं, पाय पिवळे. पाचवीच्या पूजेची तयारी करायची वेळच आली नाही. थोरलाही असाच गेला होता म्हणे. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि तिच्या पोलक्याच्या पुढे दुधाचे डाग पडायचे. ते डाग मला अजून दिसतात.

आत्यानं दोन निकाल दिले. पहिला, की आईच्या पोटात हळद जास्त झाली. दुसरा निकाल माझ्याबद्दल होता, आणि तो असा की पोरीची पाठ वाईट आहे.

आता हे पाठीचं प्रकरण हल्लीच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. मुलीनंतर मुलगा झाला तर तो मुलीच्या पाठीवर झाला असं म्हणायचे, आणि श्रेय त्या पाठीला मिळायचं. काही घरांत मग मुलीला पाटावर बसवून तिच्या पाठीला हळदकुंकू लावायचे आणि पाठीवर गूळ फोडायचे. आमच्या ओळीतल्या शैलाच्या पाठीवर असा गूळ दोनदा फुटला होता आणि तिला भाव चढला होता. उलट ज्या मुलीच्या पाठीवरची भावंडं जगत नाहीत तिच्या पाठीत काहीतरी खोट. माझ्या पाठीत खोट होती. मला त्याचं दुःख झालं का? झालं, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. आपल्याच अंगाचा एवढा मोठा भाग आपल्याला कधी दिसत नाही आणि सगळी भानगड नेमकी तिथेच असावी, हे मला सहन होईना. मी दादांचा दाढीचा आरसा आणि आईचा कुंकवाचा आरसा असे दोन्ही घेऊन मोरीत पाठ बघायचा प्रयत्न केला. एका खांद्यावर तीळ दिसला. मग शैलाला पेरू देऊन तिची पाठ तपासली. तिच्या पाठीवर घामोळं सोडून काहीच नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी शाळेत मुलींच्या पाठी बघत असे, कुणाला भाऊ आहेत, कुणाला नाहीत याचा मनाशी ताळा लावत असे. कसलाच मेळ बसला नाही. आयुष्यात केलेलं माझं ते पहिलं संशोधन, आणि ते बरोबर होतं हे मला खूप उशिरा कळलं.

आत्यानं माझ्या पाठीसाठी नियम केले होते. आईकडे पाठ करून झोपायचं नाही. आई जेवत असताना तिच्यासमोरून पाठ फिरवून जायचं नाही, मागे मागे सरत जायचं, त्यात मी एकदा ताकाचं भांडं लवंडलं. शनिवारी पाठीला तेल चोळून मारुतीच्या देवळात देवाकडे पाठ करून बसायचं, म्हणजे त्याला नीट दिसेल. आई या कशालाच हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. वन्संच्या पुढे बोलायची तिच्या वेळी पद्धत नव्हती. पण रात्री निजताना ती मला मुद्दाम आपल्याकडे पाठ करायला लावायची आणि मागून घट्ट धरायची. आत्याला हे माहीत नव्हतं असं नाही.

आत्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिला एक मुलगी होती, हिराताई. हडपसरला मळेवाल्या घरात दिलेली. हडपसर तेव्हा खेडंच होतं, भाजीपाल्याचं. आत्याचं सासरही तिथलंच. हिराताई लहान असतानाच आत्या तिला सासूपाशी ठेवून आमच्याकडे निघून आली होती आणि पुन्हा तिनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. लग्नालाही दादाच गेले. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "तिचा माझा हिशेब ऱ्हाऊ दे. तू भाकरी खा." त्यानंतर विचारायचं धाडस मी केलं नाही.

मी चौथीत असताना आईला पुन्हा दिवस गेले. या खेपेला दादांनी कधी नव्हे ते बहिणीचं ऐकलं नाही. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना शहरातल्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. बाई उंच, केस मागे घट्ट बांधलेले, आणि जिभेला पुणेरी धार. आईची सगळी हकिकत ऐकून घेतली, मग दादांनी धीर करून हळदीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हळदीनं पोरं पिवळी होत असती तर जेजुरीत एक मूल जगलं नसतं. हळद खा. रक्त तपासायला द्या." आईचं रक्त घेतलं, दादांचं घेतलं, आणि मी फार चुळबुळ करत होते म्हणून की काय, माझंही घेतलं.

पुढच्या खेपेला बाईंनी आईदादांना सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळी जेवताना मी दादांचा पिच्छा पुरवला. दादा भाकरी कुस्करत विचार करत राहिले आणि मग म्हणाले, "हे बघ कुसुम. आपल्या गेटावर दरवान असतो की नाही? तसा प्रत्येकाच्या रक्तात एक दरवान असतो. आपलं काय, परकं काय, ते तो ओळखतो. परकं दिसलं की बाहेर काढतो. म्हणून तर आपण तापातनं उठतो."

"मग?"

"आपल्या दोघांच्या रक्तात एक चीज आहे. समज, आगपेटी. आईच्या रक्तात ती नाही. आईच्या दरवानानं आगपेटी कधी बघितलेलीच नव्हती. पहिलं बाळ आलं, आगपेटी खिशात घेऊन नऊ महिने आत राहिलं, त्याला पत्ता नाही. पण बाहेर पडताना थोडी सांडलवंड होतेच. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं. तेव्हा दरवानानं ती आगपेटी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि ध्यानात ठेवली. पुढच्या बाळाच्या खिशात तीच. मग काय, धरलं त्याला."

"म्हणजे बाळाला मारलं?"

"बाळाचं रक्त फोडून टाकतो तो. फुटलेल्या रक्ताचा तो पिवळा रंग."

मी बराच वेळ आमटीत बोट फिरवत बसले. मग विचारलं, "पहिलं बाळ कोण?"

दादा आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "जेव गुमान. पहिलं बाळ माझं आहे, आणखी कुणाचं?" आत्या चुलीपाशी बसली होती. ती हसली नाही, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, बघ, मी काय सांगत होते!

आणि गंमत अशी की एका अर्थानं ती खरंच सांगत होती. पुढे माझी सगळी नोकरी रक्तपेढीत गेली, लोकांची रक्तं जुळवण्यात आयुष्य सरलं, तेव्हा हा विचार माझ्या मनात कितीतरी वेळा आला. शहाण्यासुरत्या बायका पिढ्यानपिढ्या बघत होत्या की पहिलं मूल धडधाकट निघतं आणि पाठची एकामागून एक जातात. डोळ्यांनी पाहिलेलं अगदी खरं होतं. फक्त त्यांनी बोट ठेवलं ते पाठीवर, आणि दोष दिला तो पोरीला. मला स्वतःला आजही याहून मोठं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मूल म्हणजे निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकंच. बोटात काटा घुसला तर जे शरीर पू करून त्याला हाकलतं, ते याच परक्याला नऊ महिने पोटात सांभाळतं, स्वतःच्या वाट्याला कात्री लावून त्याला खाऊ घालतं. एवढ्या कडक दरवानाला हे कोण सांगतं, याचा पुरता उलगडा माझ्या नोकरीच्या काळात तरी झाला नव्हता. आता झाला असेल तर मला माहीत नाही, मी विचारत असते.

बाळ पुन्हा पिवळं पडलं तर काय करायचं, ते बाईंनी ठरवलं होतं. बाळाचं सगळं रक्त थोडं थोडं करून काढायचं आणि आगपेटी नसलेलं दुसरं रक्त भरायचं. त्यांच्या शब्दांत, निगेटिव्ह. पण आपल्याकडे तसलं रक्त शंभरात चारपाच जणांचं. म्हणून त्यांनी सांगितलं, नातलगांना आणा, शेजाऱ्यांना आणा, जो येईल त्याला आणा. दादांनी अर्धी पाळी नेऊन उभी केली. कुणाचं जुळेना. शेवटी अँथनीकाकांचं जुळलं आणि त्यांच्या घरी जणू लॉटरी लागली. त्याच दिवशी आत्याचंही रक्त घेतलं होतं. ती तयार नव्हती, दादांनी शपथ घातली म्हणून आली होती.

तिचा कागद बघून बाईंच्या भुवया वर गेल्या. "अरे वा. निगेटिव्ह. गटही जुळतोय."

आत्याला एवढं कळलं की आपण पास झालो. तिनं दंडापर्यंत चोळीची बाही वर सारली. "मग काढा की. पायजे तेवढं काढा. माझं काय, जगून कुनाचं भलं हुतंय?"

"थांबा हो. आपल्याला मुलं किती झाली?"

आत्या म्हणाली, "एक पोरगी हाय. हडपसरला."

"आणखी?"

"तिच्या पाठीवर झाली. जगली न्हाईत."

"कशानं गेली?"

आत्यानं दादांकडे पाहिलं. बहिणीची मुलं जगली नाहीत एवढंच दादांना ठाऊक होतं. ती कशी गेली ते पुरुषमाणसांना कोण सांगणार? आत्या हळू आवाजात म्हणाली, "पिवळी पडूनच. सगळी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आपलं रक्त मला चालणार नाही."

"का? इटाळ हाय का माझ्या रगताला?"

"विटाळ नाही हो बाई. ते शिकून बसलंय. तुमच्या भावजयीचं बसलंय तसंच. ते बाळात भरलं तर ते बाळावरच धावून जाईल."

मला वाटलं आत्या आता चिडेल. ती चिडली नाही. बाही खाली करून ती बसली आणि तिचे ओठ हलत होते, जणू कुणाची तरी नावं मोजत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजी पोरीचं काईच न्हवतं?"

"कुठल्या पोरीचं?"

"पैल्या पोरीचं. हिरीचं. तिच्या पाठीचं."

"पाठीत मणके असतात," बाई म्हणाल्या. मग आत्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज बदलला. "तिचा काही दोष नाही. ती पहिली आली, एवढंच."

"पाठीवर डाग दिलाय मी तिला," आत्या म्हणाली. "सासूनं सळई तापवली. पोर धरून ठेवली ती मी."

आईनं पुढे होऊन आत्याचा हात धरला. वन्संचा हात तिनं असा कधी धरलेला मी पाहिला नव्हता. आणि मला, त्या वयात माणूस जसं नको तेव्हा बोलतं तसं, बोलल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, "बाई, माझीपण पाठ बघता का?" बाईंनी मला जवळ ओढलं, पाठ फिरवून नळी लावली, खोल श्वास घ्यायला लावला, चांगला वेळ घेऊन तपासलं आणि म्हणाल्या, "पाठ उत्तम आहे. खाली बाकावर बसताना वाकतेस, तेवढं वाकू नकोस." मी आजही ताठ बसते.

मग त्या दादांकडे वळल्या. आत्याच्या त्या कागदातून एक आशा निघते असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येकाला ही चीज आई आणि बाप दोघांकडून येते, एकेक वाटा. आत्याच्या दोन्ही वाट्यांत ती नाही, म्हणजे तिच्या आईबापांकडे नसलेला वाटा होता, तर मग भावाकडेही बहुधा तसा एक दडलेला असणार. तो बाळानं उचलला तर बाळाच्या खिशात आगपेटीच नसेल. "आणि दुसरा उचलला तर?" दादांनी विचारलं. "तर अँथनी आहेत," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे महिने आत्या घरात असून नसल्यासारखी होती. हळदीवरची बंदी कधी उठली ते कुणी सांगितलंच नाही. एके दिवशी पानात पिवळं वरण आलं आणि आम्ही सगळ्यांनी काहीच न झाल्यासारखं ते खाल्लं. माझ्या पाठीचे नियमही गेले. आईचं पोट वाढत होतं आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. बाळ आत हललं की ती हसायची आणि लगेच डोळे पुसायची. दर खेपेला बाई तिचं रक्त तपासून दरवान किती जागा आहे ते बघायच्या आणि तोंडावर काही दिसू द्यायच्या नाहीत.

ज्या सकाळी आई मोकळी झाली त्या सकाळी इस्पितळाच्या बाकावर आम्ही चौघं होतो, दादा, आत्या, मी आणि अँथनीकाका. अँथनीकाका बँडमधून रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आणि भरपूर ऑम्लेट खाऊन आले होते. रडण्याचा आवाज आला. दादांनी उगाच खिसे चाचपले. बाळाच्या नाळेतलं रक्त तपासायला गेलं होतं, ते कळायला वेळ होता. आत्या बाकावर बसेना, ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला एवढं कळत होतं की आत जे मूल रडतंय ते राहणार की जाणार याचा कागद कुठल्यातरी खोलीत लिहिला जातोय.

बाई बाहेर आल्या. "निगेटिव्ह."

"कोण?" दादांनी विचारलं.

"चिरंजीव. मुलगा आहे. आईच्या रक्तातलं काही त्याच्या नादी लागणार नाही. घरी जाल तेव्हा सगळे मिळून जा."

दादा खाली बसले आणि हमसून हमसून रडले. अँथनीकाकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जरा हिरमुसून बाईंना विचारलं, "मग माझं काय?" बाई म्हणाल्या, "चहा प्या आणि जपून ठेवा. दुसरं कुणी येईल." खरंच आलं, पुढच्याच महिन्यात. तिसऱ्या दिवशी बाळाच्या चेहऱ्यावर किंचित पिवळी झाक आली तेव्हा आत्याचा जीव अर्धा झाला. तिनं बाळ खिडकीत नेलं आणि बाईंना अक्षरशः ओढत आणलं. "एवढी सगळ्यांनाच येते," बाई म्हणाल्या, "जाईल." गेली.

मी रक्तपेढीत लागले तोवर एक इंजेक्शन आलं होतं. निगेटिव्ह बाईला बाळ झालं की लगेच द्यायचं. बाळाचं जे थोडं रक्त तिच्यात सांडलं असेल ते दरवानाच्या नजरेस पडण्याआधीच झाडून टाकायचं, म्हणजे तो शिकतच नाही. आणि हे औषध बनतं कशापासून? ज्यांचं रक्त आधीच शिकलेलं आहे अशा माणसांच्या रक्तापासून. सुरुवातीला त्यांत पुष्कळशा बायका होत्या, पोरं गमावलेल्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काम थांबवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला आई आणि आत्या दोघींची फार आठवण आली. दोघीही तेव्हा नव्हत्या.

माझ्या त्या भावाच्या बारशाला ओळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. आत्यानंच बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाळणा म्हणून झाल्यावर शैलाची आई गुळाची ढेप घेऊन पुढे आली. मुलगा झाला म्हणजे माझी पाठ सुधारली होती, आता तिची पूजा व्हायला हवी होती. मला पाटावर बसवलंही. खरं सांगते, मला ते हवं होतं. इतकी वर्षं शैलाचा तोरा पाहिला होता. पण आत्या मध्ये आली आणि तिनं ढेप शैलाच्या आईच्या हातातून काढून घेतली. "तिच्या पाठीला कुनी हात लावायचा न्हाई. चांगलीबी न्हाई ती आन वाईटबी न्हाई. गूळ लाडवाला हुईल." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल माझ्यासंगं." कुठे ते सांगितलं नाही. स्टेशनपर्यंत एक बस, मग हडपसरची दुसरी. गावाच्या अलीकडे उतरून आम्ही पाटाच्या कडेनं चालत गेलो. आत्या एवढी हळू कधी चालत नसे. मळ्यातल्या घरापुढे लिंबाखाली एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. हिराताई आत्यासारखीच दिसायची, तीच रुंद हनुवटी. तिनं वर पाहिलं. तिला ओळख पटायला वेळ लागला असं नाही, दाखवायला लागला.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाई. शंकरला ल्योक झाला."

"बरं झालं." तिनं पुढची जुडी उचलली. "ही त्यांची व्हय? बस गं पोरी."

आत्या तिच्यासमोर जमिनीवरच बसली. तिनंही मेथी पुढे ओढली आणि जुडी बांधायला घेतली, पण काड्या निसटत होत्या. मी पाटाच्या पाण्याकडे बघायचं सोंग करत होते आणि कान इकडे होते.

"हिरे," आत्या म्हणाली, "तुझ्या पाठीत काय न्हवतं. माझ्या रगतात व्हतं. डाक्टरनीनं सांगितलं."

हिराताईचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? एवढीशी व्हते मी, आये."

आत्यानं पदर तोंडात कोंबला तरी तिचं रडणं आवरेना. तिला तसं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. हिराताई तिच्याजवळ सरकली नाही, आणि उठूनही गेली नाही. पुष्कळ वेळानं आत्यानं विचारलं, "हात ठिवू का?"

कुठे, ते तिनं सांगितलं नाही. हिराताईनं हातातली जुडी पुरी बांधली, गाठ मारली, ढिगावर ठेवली. मग ती बसल्या जागी वळली आणि तिनं आईकडे पाठ केली.